स्वप्नात सांगितलेले काम आणि जागेपणीचा विरोध

काकडआरती

नमस्कार. गेले चार महिने आमच्या घरात एका स्वप्नावरून वाद चालू आहे आणि थोरली आत्या म्हणून तो मिटवण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझी भाची हिंजवडीत नोकरी करते. आषाढात तिला स्वप्न पडले की माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, गावच्या देवळात उभे आहेत आणि गळ्यातील वीणा काढून तिच्या हातात देत आहेत. वडील आमच्या दिंडीचे विणेकरी होते. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. स्वप्न सांगून ती थांबली असती तर सर्वांनी डोळे पुसले असते आणि विषय तेथेच संपला असता. परंतु हे देवाने आजोबांच्या हातून दिलेले काम आहे, आपण नोकरी सोडून कीर्तन शिकणार, असे तिने जाहीर केले. माझ्या भावाचे म्हणणे असे की स्वप्नांवर घराचे हप्ते फिटत नाहीत, आणि मुलीने वीणा घेऊन उभे राहणे गावाला रुचणारही नाही.

सल्ला देण्याआधी मी तुकोबांची गाथा पुन्हा उघडली, कारण स्वप्नात मिळालेल्या कामाचे मराठीतील सर्वांत थोर उदाहरण तेथेच आहे. ‘नामदेवें केलें स्वप्नामाजी जागें । सवें पांडुरंगें येऊनियां ॥ सांगितलें काम करावें कवित्व । वाउगें निमित्य बोलों नको ॥’ हे चरण मला लहानपणापासून पाठ आहेत. या वेळी मात्र ‘काम’ या शब्दापाशी मी अडले. पांडुरंगाने तुकोबांना कीर्ती, यश किंवा रक्षण यांपैकी काहीही देऊ केलेले नाही. त्याने काम सांगितले, आणि तेही दुसऱ्याचे उरलेले. नामदेवांनी शतकोटी अभंगांचा संकल्प केला होता, त्यातील राहिलेले तू पुरे कर, असा तो निरोप आहे. नामदेव १३५० मध्ये गेले आणि तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे १६०८ चा मानतात. म्हणजे जवळजवळ तीन शतके पडून असलेले ते काम होते. आज आपल्या हाती असलेल्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. शंभर कोटींच्या हिशेबात ही संख्या कोठे बसते, ते प्रत्येकाने स्वतःच पाहावे. जे काम हिशेबाने कधी संपणारच नाही, ते देवाने एका दिवाळे निघालेल्या वाण्याला दिले.

दुसरी गोष्ट क्रमाची. संतांनी आग्रह केल्यामुळे तुकोबांनी ‘याती शूद्र वैश केला वेवसाय’ या अभंगात आपली हकिकत सांगितली आहे. आईवडील गेले, दुष्काळात एक बायको अन्न अन्न करीत मेली, व्यवसायात तूट आली, लोकांत तोंड दाखवण्याची लाज वाटू लागली; मग मोडकळीस आलेले देऊळ नीट करावे असे मनात आले; मग एकादशीला कीर्तन सुरू केले, तेव्हा चित्त अभ्यासात नव्हते असे ते स्वतःच कबूल करतात; मग संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून धृपद धरले; त्यानंतर स्वप्नात गुरूंचा उपदेश झाला आणि त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती झाली. स्वप्नाला या यादीत फार उशिरा जागा मिळाली आहे.

आता माझा प्रश्न. विरोध झाला तेव्हा तुकोबांनी काय केले, हे आपण ‘ते डगमगले नाहीत’ अशा शब्दांत सांगतो. प्रत्यक्षात त्याच अभंगात ‘निषेधाचा कांहीं पडिला आघात । तेणें मध्यें चित्त दुखविलें ॥ बुडविल्या वह्या बैसलों धरणें । केलें नारायणें समाधान ॥’ असे शब्द आहेत. ज्याने वह्या स्वतः नदीत बुडवल्या, त्याने आपले स्वप्न धरून ठेवले असे म्हणायचे की सोडले असे म्हणायचे? माझे मत असे बनत चालले आहे की त्यांनी ते मुठीत धरलेच नव्हते. ज्याचे होते त्याच्या दारात नेऊन ठेवले आणि तेथून हलले नाहीत. भाचीला हे सांगण्यापूर्वी येथील जाणकारांची मते हवी आहेत.

उलटतपासणी

आपण क्रमाचा मुद्दा मांडलात म्हणून लिहितो. मी देव मानत नाही, परंतु गाथा वाचतो. जो माणूस नामदेवांचे अभंग दिवसरात्र पाठ करतो, त्याच्या स्वप्नात नामदेव आले नाहीत तरच नवल. आपल्या भाचीचेही तसेच आहे. आजोबा विणेकरी नसून पोस्टमन असते, तर स्वप्नात पत्र मिळाले असते. स्वप्न देवाने दिले की मनाने घडवले, हा प्रश्न मी आपल्यावर सोडतो. माझा आक्षेप ‘देवाने सांगितले’ या वाक्याला आहे, कारण ते उच्चारल्यावर घरातील दुसऱ्या माणसाला बोलायला जागाच उरत नाही. बाप हप्त्यांविषयी बोलतो आहे आणि मुलगी पांडुरंगाविषयी. हा संवाद बरोबरीचा कसा होणार?

काकडआरती

पोस्टमनचे उदाहरण मी भाचीला वाचून दाखवले. ती हसली आणि नंतर बराच वेळ गप्प होती. आपला आक्षेप मला मान्य आहे. तुकोबांनीही ही हकिकत सांगताना ‘नये बोलों परि पाळिलें वचन’ असे म्हटले आहे. हे बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारलेत म्हणून सांगतो. स्वप्न हे दुसऱ्याचे तोंड बंद करण्याचे साधन म्हणून त्यांनी वापरल्याचे मला तरी आठवत नाही.

मापाडी

माझे आजोबा आणि वडील बाजार समितीत मापाडी होते, म्हणून थोडे आमच्या धंद्याच्या अंगाने लिहितो. स्वप्नाच्या त्याच अभंगात पुढे ‘माप’ आणि ‘संख्या’ हे शब्द येतात, आणि मला तो सगळा प्रसंग धान्याच्या खळ्यावरचा वाटतो. पायलीने धान्य मोजले जायचे तेव्हा एक जण माप भरून टाकीत असे आणि मोजणी मोठ्याने पुकारली जात असे. आमच्याकडे पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत होती. मोजणी मध्येच थांबली तर कोठपर्यंत आलो होतो हे दुसऱ्या माणसाला सांगून त्याला पुढे लावावे लागे. नामदेवांचे माप जेथे थांबले तेथून तुक्याला लावून देणारा तो प्रसंग आहे. धान्य मापाड्याचे नसते. भावही तो ठरवत नाही. त्याने हात चालू ठेवायचा आणि मोजणी चुकू द्यायची नाही, एवढेच. ‘फोडिलें भांडार धन्याचा हा माल । मी तंव हमाल भारवाही’ असे तुकोबांनी दुसरीकडे म्हटले आहे, ते याच बाजारातले बोलणे आहे.

आता धरण्याविषयी. आज धरणे म्हटले की कचेरीसमोरचा मंडप डोळ्यांपुढे येतो. जुन्या काळी धरणे हे प्रामुख्याने वसुलीचे साधन होते. देणेकरी पैसे देईना तर सावकार किंवा त्याचा माणूस त्याच्या दाराशी उपाशी बसून राही. तुकोबांच्या घरी सावकारी होती. भाऊ कान्होबाने वाटणी मागितली तेव्हा त्यांनी खतपत्रांपैकी निम्मी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत सोडली, अशी हकिकत परंपरेत सांगतात. ज्या माणसाने लोकांकडचे येणे आपण होऊन बुडवले, तोच पुढे वह्या बुडाल्यावर देवाच्या दारात धरणे धरून बसला. लोकांकडून काहीही वसूल करायचे नाही, पण काम सांगितले त्याच्याकडून जाब घ्यायचा, असा हा हिशेब आहे. ‘तेरा दिवस जाले निश्चक्र करितां । न पवसी अनंता मायबापा’ (निश्चक्र म्हणजे निराहार) हे शब्द शांतपणे बसलेल्या भक्ताचे नाहीत. त्याच अभंगात पुढे ते देवाला, दगडाची खोळ पांघरून बसला आहेस, असे सुनावतात. ज्यांच्या विरोधामुळे वह्या बुडाल्या त्या रामेश्वरभट्टांना मात्र त्यांनी असे सुनावल्याचे मला गाथेत दिसत नाही.

काकडआरती

खतपत्रे आणि वह्या या दोन्ही एकाच नदीत गेल्या, हे मी आजवर शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. मनापासून आभार.

शिळी भाकर

या सगळ्यात तुकोबांच्या दुसऱ्या बायकोचे, आवलीचे, म्हणजे जिजाईचे काय? तुकोबांना झालेल्या विरोधाची गोष्ट निघाली की रामेश्वरभट्ट, मंबाजी आणि कजाग बायको असे तीन खलपुरुष एका ओळीत उभे केले जातात. त्यातली तिसरी व्यक्ती पुण्याच्या गुळव्यांची मुलगी होती, बऱ्या घरातून आलेली, आणि दुष्काळात घरातील पहिली बायको अन्नाविना मेलेली तिने पाहिली होती. १६३० च्या आसपासचा तो दुष्काळ या देशाच्या इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक होता. अशा बाईने खतपत्रे नदीत जाताना पाहून विठोबाला शिव्या दिल्या, तर तो स्वप्नाला विरोध होता की मुलांच्या पोटाची काळजी? आणि याच बाईने डोंगरावर बसलेल्या नवऱ्याला भाकरी पोहोचवली, हेही परंपराच सांगते. काटा रुतला तेव्हा विठ्ठलाने तो काढला, ही कथा आपण तिच्या भाबड्या रागाची गंमत म्हणून ऐकतो; ती रोज तो डोंगर चढत होती, हे आपल्या लक्षात राहत नाही.

काकडआरतीताई, तुमच्या भावाला रामेश्वरभट्ट समजू नका. तो जिजाईच्या जागी आहे. हप्त्यांचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तर द्यावे लागेल. ते उत्तर भाचीने द्यायचे आहे, पांडुरंगाने नव्हे.

घाटमाथा

अगदी हेच लिहायला आलो होतो.

नगरी वाळूक

मी नगरचा, ख्रिस्ती घरातील आहे. आमच्याकडे स्वप्न आणि विरोध म्हटले की पहिले नाव योसेफाचे निघते. त्याच्या गोष्टीतील एक बाजू येथे उपयोगी पडेल असे वाटते. योसेफाला सतराव्या वर्षी स्वप्न पडले की शेतात भावांच्या पेंढ्या त्याच्या पेंढीला नमन करीत आहेत. त्याने ते भावांना सांगितले. पुन्हा पडले, पुन्हा सांगितले, आणि या वेळी बापानेही त्याला दटावले. पुढे भावांनी त्याला वीस रुप्यांना विकले. तो फारोपुढे, म्हणजे मिसरच्या राजापुढे, उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा होता, असे उत्पत्तीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे मधली तेरा वर्षे. तुकोबांचे तेरा दिवस आणि योसेफाची तेरा वर्षे यांचा एकमेकांशी संबंध नाही, हे मला ठाऊक आहे, तरी हा आकडा माझ्या मनातून जात नाही.

या तेरा वर्षांत योसेफाने आपले स्वप्न पुन्हा एकदाही कोणाला सांगितल्याचे शास्त्रात नाही. तुरुंगात त्याने प्यालेबरदाराच्या आणि आचाऱ्याच्या स्वप्नांचा अर्थ सांगितला, नंतर फारोच्या स्वप्नांचा. दुसऱ्यांच्या स्वप्नांची कामे करीत तो राहिला. थोरल्या मुलाचे नाव त्याने मनश्शे ठेवले, त्याचा अर्थच विसरण्याशी जोडलेला आहे. बापाच्या घराचा देवाने मला विसर पाडला, असे तो म्हणतो. आणि दुष्काळात भाऊ धान्य मागायला येऊन भूमीपर्यंत लवले, तेव्हा त्याला आपली स्वप्ने आठवली, असे वचन आहे. मी लहानपणापासून प्रवचनांत ऐकत आलो की योसेफाने स्वप्न घट्ट धरले. मला मूळ मजकुरात तसे दिसत नाही. स्वप्नाने योसेफाला धरले असावे.

आणखी एक, हे मात्र महाराष्ट्रातलेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. हा विरोध किती तीव्र आणि किती दुःखाचा होता, ते त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तचरणी आलो, असे टिळक म्हणत, म्हणून त्यांचे नाव या धाग्यावर परके वाटू नये. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही बसावेत अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांत ते गेले आणि दरबार मागे पडला. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे काव्यही अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. शाळेत न गेलेल्या त्या बाईने नवऱ्याच्या काही अध्यायांपुढे आपले कितीतरी अध्याय रचले, आणि त्यांच्याही हातून राहिलेला शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्तांनी, लिहिला. स्वप्नाच्या अभंगातले ‘उरले शेवटीं लावी तुका’ हे मापाडी यांनी समजावून सांगितले तेव्हा मला हेच आठवले.

उलटतपासणी

योसेफाविषयीचे निरीक्षण आवडले. तुमचा आणि माझा देवाविषयी वाद कायम ठेवूनही हे मान्य करतो.

शिऊरवाट

मुलीने वीणा धरण्याचा प्रश्न मूळ लेखात आला आहे, तरी बहिणाबाईंचे नाव अजून कोणी घेतले नाही याचे आश्चर्य वाटते. आमचा वैजापूर तालुका. शिऊरला त्यांची समाधी आहे, आणि खानदेशच्या बहिणाबाई चौधरींशी त्यांची गल्लत होते म्हणून आधीच सांगतो की या सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या.

वेरूळजवळच्या देवगावचा यांचा जन्म, १६२८ चा सांगतात. वडील कुलकर्णी. तिसऱ्या वर्षी लग्न झाले, नवरा तीस वर्षांचा बिजवर, वेदपाठी ब्राह्मण. कर्जापायी सारे कुटुंब गाव सोडून निघाले आणि फिरत फिरत कोल्हापूरला पोहोचले. तेथे जयरामस्वामींच्या कीर्तनात बहिणाबाईंनी तुकोबांचे अभंग ऐकले. एक गाय आणि तिचे वासरू यांच्यावर त्यांचा विलक्षण जीव होता, आणि ते वासरू त्यांच्यासोबत कीर्तनालाही जात असे. नवऱ्याला हे सारे असह्य झाले. त्याने मारले, बांधून ठेवले. पुढे वासरू मेले, त्या दिवसेंदिवस निपचित पडून राहिल्या, आणि त्याच अवस्थेत स्वप्नात तुकोबांनी येऊन मस्तकी हात ठेवला व मंत्र दिला. तोपर्यंत त्यांनी तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते. तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजी यांचा उपदेश स्वप्नात झाला होता, आणि तुकोबांचा उपदेश बहिणाबाईंना स्वप्नातच झाला.

नवऱ्याचा संताप असा की ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला, तोही स्वप्नात पाहिलेला, गुरू म्हणावे कसे? गरोदर बायकोला सोडून तो निघून जाण्याच्या बेतात होता. आजारी पडला, महिनाभर अंथरुणावर होता, बहिणाबाईंनी सेवा केली आणि त्याचे मन फिरले. मग दोघेही देहूला गेले. तेथे मंबाजीने त्यांना छळले, त्यांच्या गायीलाही मारले. हे सारे त्यांनी स्वतः अभंगांत लिहिले आहे, आणि विशेष म्हणजे हे दुसऱ्या कोणी रचलेले चरित्र नाही. तो त्यांच्याच तोंडचा वृत्तान्त आहे. मराठीत इतक्या जुन्या काळी एका बाईने आपल्या आयुष्याची हकिकत सांगितल्याचे दुसरे उदाहरण निदान मला तरी माहीत नाही.

शिळी भाकर

मला या हकिकतीतला एक भाग कधीच पचला नाही. नवरा मारतो आणि ती सेवा करते, मग त्याचे मन फिरते, असे ऐकून आजही बायकांना सांगितले जाते की सोस, एक दिवस तो बदलेल. बहिणाबाईंनी पातिव्रत्याचे अभंगही पुष्कळ लिहिले. स्वप्न धरून ठेवणे याचा अर्थ मार खाणे असा असेल, तर ते स्वप्न कोणाही मुलीला पडू नये असे मी म्हणेन.

शिऊरवाट

ताई, आपले म्हणणे रास्त आहे आणि त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न मी करणार नाही. एवढेच सुचवतो की त्यांनी मार लपवला नाही. त्या काळात, त्या घरात, ‘नवऱ्याने मला मारले’ असे अभंगात लिहिणे म्हणजे देवाच्या कीर्तनात ते चारचौघांसमोर ठेवणे होते. आपल्या सांप्रदायिक व्याख्यानांत तो भाग गाळला जातो, हा दोष सांगणाऱ्यांचा आहे. आणि जातीचा प्रश्न त्यांनी तेथेच सोडला नाही. ब्राह्मण कोणाला म्हणावे याची चिकित्सा करणाऱ्या ‘वज्रसूची’ या संस्कृत ग्रंथावर त्यांनी मराठीत अभंग रचले. शूद्र गुरू का केला, याचे उत्तर त्यांनी नवऱ्याला कदाचित दिले नसेल. ग्रंथात मात्र दिले.

घाटमाथा

व्यवहाराचे दोन शब्द. कीर्तन शिकायचे तर नोकरी सोडलीच पाहिजे असे नाही. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ मध्ये स्थापन केली. तेथील शिक्षणक्रम चार वर्षांचा आहे आणि त्यात पाठांतर, गायन, ज्ञानेश्वरी, गाथा असे सगळे येते. त्याआधीची पायरी गावोगावच्या हरिपाठात फुकट उपलब्ध आहे. टाळ घ्यावा, मागे उभे राहावे, चाली अंगवळणी पाडाव्यात. आमच्या फडावर, म्हणजे वारकऱ्यांच्या गटात, नव्या मुलाला पहिली काही वर्षे अभंगाची सुरुवातदेखील करू देत नाहीत. वीणा तर फार लांबची गोष्ट. विणेकऱ्याला पहाऱ्यात, म्हणजे वीणा सांभाळण्याच्या पाळीत, तासन्‌तास उभे राहावे लागते, आणि दुसऱ्याच्या गळ्यात दिल्याशिवाय वीणा खाली ठेवता येत नाही. आपल्या भाचीच्या स्वप्नात आजोबांनी वीणा खाली ठेवली नाही, हातात दिली, हे ज्याने सप्ताहात पहारा केला आहे त्याला लगेच कळेल.

एकटाळी

मघापासून वाचतो आहे. विरोधकांचा विषय निघालाच आहे तर रामेश्वरभट्टांचा शेवट सांगायला हवा. वाघोलीचे हे विद्वान ब्राह्मण. शूद्राच्या तोंडी वेदांचा अर्थ, तोही प्राकृतात, हा त्यांचा आक्षेप होता. त्या वेळी तुकोबा किती घाबरले होते, ते त्यांनीच सांगितले आहे: ‘काय खावें आतां कोणीकडे जावें । गांवांत राहावें कोण्या बळें ॥ कोपला पाटील गांवींचे हे लोक । आतां घाली भीक कोण मज ॥’ हा अभंग फारसा गायला जात नाही. ज्याला देवाने स्वतः स्वप्नात येऊन काम सांगितले, त्याला पाटलाची भीती वाटत होती आणि उद्या भीक कोण घालील याची चिंता होती, हे आपल्याला अडचणीचे वाटते बहुधा.

पुढे रामेश्वरभट्ट शरण आले. फकिराच्या शापाने त्यांच्या अंगाचा दाह झाला, ही त्यामागची कथा आपण जाणताच. ती कथा कोणी मानो वा न मानो, ‘आरती तुकारामा । स्वामी सद्गुरू धामा’ ही आरती त्यांच्या नावाने चालत आली आहे, एवढे तर उघड आहे. रामाने सागरात पाषाण तारले तसे तुकोबांचे अभंग पाण्यात रक्षिले गेले, असे त्या आरतीत आहे आणि शेवटच्या चरणात रामेश्वरे चरणी मस्तक ठेवले, अशी सहीच आहे. ज्यांच्यामुळे वह्या पाण्यात गेल्या, त्यांचीच रचना आज गावोगावी म्हटली जाते.

उलटतपासणी

वह्या कोरड्या वर आल्या यावर माझा विश्वास नाही, हे सांगणे आवश्यक आहे. अभंग लोकांना पाठ होते, संताजी जगनाडे यांच्यासारखे लिहून ठेवणारे होते. इंद्रायणी कागद बुडवू शकत होती, पाठांतर नव्हे. माझ्या दृष्टीने हा चमत्कारापेक्षा मोठा प्रकार आहे.

मापाडी

साहेब, ‘उदकीं राखिले कागद’ असे तुकोबा म्हणतात, आणि मी त्यांचे ऐकतो. पण त्याच अभंगाची सुरुवात ‘थोर अन्याय केला तुझा अंत म्यां पाहिला’ अशी आहे, ती पाहावी. वह्या परत मिळाल्यावर विजयाचा शब्द नाही. लोकांच्या बोलण्यासाठी मी तुला वेठीस धरले, याची खंत आहे. वसुली झाल्यावर सावकारानेच माफी मागावी, असे मी बाजारात तरी कधी पाहिले नाही.

काकडआरती

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. हा सगळा धागा मी भावाला आणि भाचीला एकत्र बसवून वाचून दाखवला. जिजाईवरचा प्रतिसाद वाचताना भाऊ उठून पाणी प्यायला गेला आणि येऊन ‘पुन्हा वाच’ म्हणाला. योसेफाचा भाग भाचीने स्वतः दोनदा वाचला. त्यानंतर तिने स्वप्नाचा उल्लेख केलेला नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

तिने नोकरी सोडलेली नाही. हप्त्यांतील आपला वाटा ती देते आहे. कार्तिकी झाल्यापासून शनिवारी सकाळी ती पुण्याहून गावाला जाते आणि दोन्ही संध्याकाळी हरिपाठाला उभी राहते. गावाने अपेक्षेइतका विरोध केला नाही. दोघा म्हाताऱ्यांनी नाक मुरडले आणि तिसऱ्याने तिला स्वतःचे जास्तीचे टाळ दिले. भावाने वीणा दिलेली नाही. ती माळ्यावर धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली आहे, आणि ‘ती अण्णांची आहे, मी कोण देणारा’ हे त्याचे उत्तर अजून बदललेले नाही. भाचीने त्यावर वाद घातला नाही, फक्त एवढे विचारले की अण्णांना वीणा मिळाली तेव्हा त्यांचे वय काय होते. भावाने बोटांवर मोजून सांगितले, बेचाळीस. ती आता सत्तावीस वर्षांची आहे.

सध्या ती मागच्या ओळीत असते. चाल वाढली की तिचे टाळ किंचित मागे पडतात, असे ज्यांनी टाळ दिले त्यांनीच मला सांगितले.